ईकेएस क्लस्टरच्या नोडची डिफॉल्ट इमेज बदलताना

अॅमेझॉनने ईकेएससाठी (कुबरनेटिस क्लस्टर चालवून देणारी तिची सेवा) अॅमेझॉन लिनक्स 2 च्या इमेज (नोड, म्हणजे क्लस्टरमधील सर्व्हर, ज्यावरून सुरू होतो तो तयार साचा) प्रसिद्ध करणे 26 नोव्हेंबर 2025 पासून थांबवले आहे. त्या इमेजवर चालणारी कुबरनेटिसची (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी प्रणाली) शेवटची आवृत्ती 1.32 आहे. 1.33 पासून लिनक्स नोडसाठी अॅमेझॉनकडून अॅमेझॉन लिनक्स 2023 किंवा बॉटलरॉकेट (कंटेनरसाठीच बनवलेली अॅमेझॉनची लिनक्स) यांच्याच इमेज मिळतात. मुंबई रीजनमध्ये (अॅमेझॉनच्या डेटा सेंटरचा भौगोलिक विभाग) काही वर्षांपूर्वी उभारलेल्या ज्या क्लस्टरचे नोड अजून जुन्या इमेजवर आहेत, त्यांची जबाबदारी असणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. अॅमेझॉन लिनक्स 2023 हाच पर्याय निवडला आहे, असे येथे धरले आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. डिफॉल्ट इमेज बदलल्याने चालू असलेला एकही नोड बदलत नाही. बदल फक्त यापुढे जन्माला येणाऱ्या नोडना लागू होतो. मॅनेज्ड नोड ग्रुपचा (अॅमेझॉन सांभाळत असलेला एकसारख्या नोडचा गट) इमेज प्रकार ग्रुप तयार होतानाच ठरतो आणि नंतर तो बदलता येत नाही. त्यामुळे खरे काम आहे ते शेजारी नवा ग्रुप उभा करून सगळा भार त्यावर हलवण्याचे, आणि त्याचे नियोजनही तसेच करायला हवे.

इमेजचा आयडी कोणाच्या जुन्या टिपणातून उचलू नये. अॅमेझॉन प्रत्येक कुबरनेटिस आवृत्तीसाठी शिफारस केलेल्या इमेजचा आयडी सिस्टिम्स मॅनेजरच्या पॅरामीटर स्टोअरमध्ये ठेवते. तिथून आवृत्ती, इमेज प्रकार आणि प्रोसेसरचा प्रकार देऊन तो वाचावा. ग्रॅव्हिटॉन (अॅमेझॉनचे आर्म प्रोसेसर) सर्व्हर असतील तर आर्म इमेजच हवी. आयडी हा त्या त्या रीजनपुरताच असतो, म्हणून मुंबईचा आयडी हैदराबादमधील राखीव क्लस्टरला चालत नाही. तुमच्या सुरक्षा विभागाने स्वतःची इमेज बांधली असेल तर ती हैदराबादला कॉपी करावी लागते, आणि तिचा स्नॅपशॉट एनक्रिप्ट केलेला असेल तर तिकडची केएमएस की (एनक्रिप्शनची किल्ली) द्यावी लागते. इमेजमध्ये कुबेलेटही (नोडवर पॉड, म्हणजे एकत्र चालणारे कंटेनर, चालवणारा एजंट) असतो. त्याची आवृत्ती कंट्रोल प्लेनच्या (क्लस्टरचे नियंत्रण करणारा भाग) पुढे असता कामा नये, म्हणून आधी कंट्रोल प्लेन आणि मगच नोड, हा क्रम पाळावा.

यानंतर लाँच टेम्प्लेटमधील (नोड सुरू करण्याच्या सेटिंगचा नमुना) यूजर डेटा (सुरू होताना चालणाऱ्या सूचना) ओळीओळीने वाचावा, कारण बहुतेक अडचणी तिथेच दडलेल्या असतात. जुनी इमेज बूटस्ट्रॅप स्क्रिप्टने क्लस्टरला जोडली जात असे. नव्या इमेजमध्ये ते काम नोडएडीएम हे साधन करते. टेम्प्लेटमध्ये स्वतःची इमेज दिलेली असल्यास क्लस्टरचे नाव, एपीआय सर्व्हरचा पत्ता, प्रमाणपत्र आणि सर्व्हिसची सीआयडीआर श्रेणी (आयपी पत्त्यांचा पट्टा) या चारही गोष्टी नोडकॉन्फिग नावाच्या यॅमलमध्ये लिहून द्याव्या लागतात. ‘अॅमेझॉन लिनक्स एक्स्ट्राज’वर (जादा पॅकेज बसवण्याची जुनी सोय) अवलंबून असलेल्या ओळी नव्या इमेजवर चालणार नाहीत. क्रॉन (ठरल्या वेळी कामे चालवणारा) आणि आरसिसलॉग (लॉग फाइलमध्ये लिहिणारा) अॅमेझॉन लिनक्स 2023 मध्ये मुळातून बसवलेले नसतात, त्यामुळे सिस्टिमचे लॉग फक्त सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये जातात. तुमचा लॉग गोळा करणारा एजंट पूर्वीची ‘मेसेजेस’ फाइल वाचत असेल, तर तो कोणतीही तक्रार न करता रिकाम्या हाताने बसून राहील. त्याला जर्नल वाचायला सांगावे.

आता अॅप्लिकेशनकडे वळू. येथे घाई मुळीच करू नये. नवी इमेज सीग्रुपची (कंटेनरच्या मेमरी व सीपीयूवर मर्यादा घालणारी लिनक्सची सोय) दुसरी आवृत्ती वापरते. जावा 8 च्या 372 व्या अपडेटपूर्वीच्या किंवा जावा 11 मधील 11.0.16 पूर्वीच्या आवृत्तीला ही रचना वाचता येत नाही. समजा, 16 जीबी मेमरीच्या नोडवर एका पॉडला 2 जीबीची मर्यादा दिली आहे आणि हीपचा (जावा प्रोग्रॅम वापरते ती मेमरी) आकार कुठेच लिहिलेला नाही. जुन्या जावाला ती मर्यादा दिसत नाही. ती पूर्ण नोडची मेमरी मोजते आणि तिच्या पाव हिश्शाइतका, म्हणजे सुमारे 4 जीबीचा हीप स्वतःला मंजूर करते. सकाळी सर्व सुरळीत दिसते; भार वाढला की हीप फुगतो, कर्नल प्रोसेस मारतो आणि पॉड 137 या कोडसह पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. म्हणून कंटेनरमधील जावाची नेमकी आवृत्ती आत शिरून तपासावी, डॉकरफाइलमधील नावावर विसंबू नये.

दुसरी तपासणी परवानग्यांची. मॅनेज्ड नोड ग्रुपमध्ये नवी इमेज मेटाडेटा सेवेसाठी (नोडची माहिती व क्रेडेन्शियल देणारी) हॉपची (नेटवर्कमधील टप्प्यांची) मर्यादा 1 ठेवते, त्यामुळे नोडच्या रोलवर (परवानग्यांचा संच) गुपचूप विसंबणाऱ्या पॉडना क्रेडेन्शियल मिळेनाशी होतात. ही मर्यादा 2 करून वेळ मारून नेता येते, पण मी तसे सुचवणार नाही. सर्व्हिस अकाउंटला (पॉडची कुबरनेटिसमधील ओळख) स्वतंत्र रोल द्यावा किंवा पॉड आयडेंटिटी (पॉडला रोल देणारी ईकेएसची सोय) वापरावी. हे काम आज ना उद्या करायचेच आहे.

नवा ग्रुप उभारताना जुन्या ग्रुपचेच सबनेट आणि तेच अव्हेलेबिलिटी झोन (रीजनमधील एकमेकांपासून वेगळी डेटा सेंटर) घ्यावेत. मुंबई रीजनमध्ये तीन झोन आहेत आणि ईबीएस व्हॉल्यूम (नोडला जोडली जाणारी डिस्क) आपल्या झोनबाहेर जात नाही. डेटाबेसचा व्हॉल्यूम ‘बी’ झोनमध्ये आणि नवे नोड केवळ ‘ए’ व ‘सी’ मध्ये असतील, तर पॉड पेंडिंग राहतो आणि त्याच्या इव्हेंटमध्ये ‘व्हॉल्यूम नोड अॅफिनिटी कॉन्फ्लिक्ट’ एवढेच लिहिलेले दिसते. आयपी पत्त्यांचा हिशोबही आधीच करावा. अॅमेझॉनच्या सीएनआयमध्ये (पॉडना नेटवर्कशी जोडणारा प्लगइन) प्रत्येक पॉडला सबनेटमधील पत्ता लागतो, 24 बिटांच्या सबनेटमध्ये वापरता येतील असे 251 पत्तेच असतात, आणि दोन्ही ग्रुप एकत्र चालतील तेव्हा मागणी जवळपास दुप्पट होते. व्हीसीपीयूचा (आभासी प्रोसेसर) कोटा वाढवून घ्यायचा असेल तर विनंती काही दिवस आधीच टाकावी.

वेळ निवडताना आपल्या ग्राहकांचा दिवस पाहावा. शेअर बाजाराशी जोडलेली सेवा असेल तर सोमवार ते शुक्रवार सकाळी 9:15 ते दुपारी 3:30 हा काळ वर्ज्यच. शनिवारची सकाळ मला सर्वांत सोयीची वाटते, कारण काही बिघडले तर पुढे पूर्ण दीड दिवस हातात असतो. रविवारी लोकलच्या मेगाब्लॉकमुळे ऐनवेळी कोणाला ऑफिसात बोलावणे कठीण होते. क्रॉनजॉबमध्ये (ठरल्या वेळी चालणारी कुबरनेटिसची कामे) वेगळा टाइमझोन दिलेला नसेल तर वेळ कंट्रोल प्लेनच्या यूटीसी घड्याळाने मोजली जाते, म्हणून त्यांच्या वेळा साडेपाच तासांचा फरक धरून तपासाव्यात, म्हणजे रात्रीचा एखादा जॉब अर्ध्यात तुटणार नाही.

प्रत्यक्ष हलवाहलव करताना जुन्या ग्रुपची कमाल संख्या आहे तेवढ्यावरच बांधून टाकावी, नाहीतर ऑटोस्केलर (भारानुसार नोड वाढवणारा घटक) पुन्हा जुनेच नोड उभे करील. नंतर सर्व जुने नोड एकदम कॉर्डन करावेत, म्हणजे त्यांवर नवे पॉड येणार नाहीत. एकेक नोड कॉर्डन करून रिकामा केला, तर तिथले पॉड दुसऱ्या जुन्या नोडवर जाऊन बसतात आणि त्यांना पुन्हा उठवावे लागते. कॉर्डन झाल्यावर मात्र ड्रेन (नोडवरील पॉड हटवण्याची क्रिया) एका वेळी एकाच नोडवर चालवावे आणि त्याचे पॉड नव्या नोडवर रेडी झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये. डेमनसेटचे (प्रत्येक नोडवर एकेक चालणारे) पॉड वगळण्याचा पर्याय द्यावा लागतो. एम्प्टीडिरमधील (पॉडची तात्पुरती साठवण) डेटा ड्रेनमध्ये नष्ट होतो, तेव्हा तिथे कोण काय ठेवते हे आधीच विचारून घ्यावे. ड्रेन अडकला तर बहुधा पॉड डिसरप्शन बजेट आड येत असते: एकच प्रत असलेल्या सेवेला किमान एक प्रत चालू ठेवण्याची अट घातली असेल, तर तो पॉड कधीच हलणार नाही. बजेट काढून टाकण्यापेक्षा त्या सेवेची दुसरी प्रत चालू करावी.

सर्व पॉड हलल्यावर नोडची विस्तृत यादी काढून ऑपरेटिंग सिस्टिमचा स्तंभ पाहावा. जुना ग्रुप मात्र लगेच पुसू नये. मेमरीच्या तक्रारी भाराखालीच उघड होतात, म्हणून कामकाजाचा एक पूर्ण गर्दीचा दिवस जाईपर्यंत तो कॉर्डन अवस्थेत ठेवावा. दोन ग्रुपचा एक-दोन दिवसांचा खर्च सोसण्यासारखा आहे. गरज पडली तर अनकॉर्डन करून पॉड परत आणता येतात.

ग्रुप काढून टाकण्याआधी टेराफॉर्ममधील (क्लस्टरची रचना कोडमधून उभारणारे साधन) इमेज प्रकार बदलून तो बदल रिव्ह्यूमधून मंजूर करून घ्यावा, अन्यथा पुढच्या अप्लायला कोड आणि क्लस्टर यांचा मेळ बसणार नाही. कारपेंटर (गरजेप्रमाणे नोड उभारणारे साधन) वापरत असाल तर नोडक्लासमध्ये (त्याच्या नोडच्या सेटिंगमध्ये) ‘लेटेस्ट’ लिहू नये. नवी इमेज प्रसिद्ध होताच तो चालू नोड ड्रिफ्ट झाले (ठरलेल्या सेटिंगपासून ढळले) असे समजून बदलू लागतो, मग तुमच्याकडे दुपारचे बारा का वाजलेले असेनात. तिथे इमेजची नेमकी आवृत्ती लिहावी, ती आधी चाचणी क्लस्टरमध्ये चालवून पाहावी आणि दर महिन्याला ठरलेल्या दिवशी स्वतः पुढे सरकवावी.