कोकणातल्या घरून फोनवर मुलाखत: आधी रेंज, मग उत्तरं

लोटे आणि महाडच्या एमआयडीसीतले कारखाने, मुंबई-पुण्याच्या कंपन्या, गोव्याची हॉटेलं, जहाजावरची भरती, सगळीकडे पहिली चाळणी आता बऱ्याचदा फोनवरच लागते. बोलणं पंधरा ते तीस मिनिटांचं असतं. तेवढ्या वेळात अर्जातली माहिती खरी आहे का, काम कळतं का, पगाराची अपेक्षा जुळते का आणि रुजू कधी होणार, एवढंच समोरच्याला ताडून बघायचं असतं. उत्तरं येत असूनही माणूस मागे पडतो, कारण आवाज जांभ्याच्या भिंतीत अडकतो, नाहीतर पत्र्यावरच्या पावसात बुडतो. म्हणून तयारीची सुरुवात घरापासून करायची.

रेंज कांड्यांवर नाही, आकड्यावर बघा

फोनवरच्या कांड्या प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबाने दाखवते, त्यांच्यावर विसंबू नका. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘सिम स्टेटस’ आणि तिथे ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ असं सापडतं. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीवर उणे ९० डीबीएम (रेंज मोजायचं एकक) किंवा त्याहून बरा असेल तर निर्धास्त बोला. उणे १०० ते ११० मध्ये बोलणं होतं, पण अधूनमधून शब्द गळतात. उणे ११० च्या खाली गेलात तर त्या जागेचा नाद सोडा.

हा आकडा घरातल्या चार-पाच जागी, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबून, कागदावर लिहून काढा. माजघर सगळ्यात शांत असतं, पण जाड चिऱ्याच्या भिंतींमुळे रेंज तिथेच सगळ्यात कमी. पडवीत रेंज येते, पण रस्त्यावरची गाडी, कोंबड्या आणि पावसाळ्यात पागोळ्यांचा आवाजही येतो. बऱ्याच घरांत मधला मार्ग म्हणजे ओटीवरची किंवा पडवीला लागून असलेली खोली: खिडकी टॉवरच्या दिशेला, दार बंद, खाली चटई किंवा गोधडी पसरलेली. कापडाने आवाज घुमायचा थांबतो. मोजणी मुलाखतीच्या वेळेलाच करा. संध्याकाळी सात-आठला टॉवरवर गर्दी असते, तेव्हा सकाळी बरी वाटलेली जागा दगा देते.

गावात कुठेच धड रेंज नसेल तर लोक सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर जातात. तिथे रेंज येते, पण वाऱ्याचा घोंगावणारा आवाज थेट माइकमध्ये शिरतो आणि समोरच्याला नुसती खरखर ऐकू येते. सड्यावर जायचंच असेल तर गाडीत काचा लावून बसा. गाडी नसेल तर तालुक्याच्या गावी नातेवाइकाची खोली, ग्रंथालयाचं किंवा शाळेचं कार्यालय, अशी जागा आदल्या दिवशी विचारून ठेवा. एसटी स्टँड, हॉटेल आणि देवळाचा सभामंडप या जागा नकोत. सभामंडपात घुमतं फार.

घरी फायबरचं वायफाय असेल तर फोनमधलं ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. मग साधा कॉलसुद्धा वायफायवरून जातो आणि टॉवरची रेंज नसली तरी चालतं. यात अडचण विजेची. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि चालू कॉल तुटतो. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो. त्याच्या ॲडॉप्टरवर लिहिलेला व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा बघून छोटा बॅटरी यूपीएस घेतला की काम भागतं.

व्होल्टी म्हणजे फोरजीवरून कॉल जाण्याची सोय चालू आहे का, हेही बघा. ती बंद असेल तर काही सिमवर कॉल लागताच फोन टूजीवर उतरतो आणि आवाज दबका येतो. जिओवर टूजी नाहीच, तिथे फोरजी गेलं की कॉल गेला. म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये असू द्या आणि दोन्ही नंबर अर्जात लिहा.

पावसाळ्याचं वेगळं गणित

जून ते सप्टेंबरमध्ये मुलाखत असेल तर पत्र्याखाली बसूच नका. मोठी सर आली की समोरच्याला फक्त पाऊस ऐकू येतो, आणि तुम्ही ओरडून बोललात तर आवाज फाटतो. कौलाखाली थोडं बरं, स्लॅबखाली उत्तम. शेजारी कुणाचं स्लॅबचं घर असेल तर अर्धा तास मागायला लाजू नका. नोकरीचं काम आहे म्हटल्यावर कोकणात कुणी नाही म्हणत नाही.

वीज जाऊन बराच वेळ झाला की टॉवरची बॅटरीही उतरते आणि रेंज अचानक नाहीशी होते. त्यामुळे रात्रभर वीज नसेल तर सकाळीच एचआरला (कंपनीत भरती बघणाऱ्या माणसाला) एसएमएस करून ठेवा: ‘आमच्या भागात कालपासून वीज नाही. या नंबरवर फोन लागला नाही तर कृपया दुसऱ्या नंबरवर करावा.’ आधी कळवलेली अडचण समोरचा समजून घेतो. तीच गोष्ट तासाभराने सांगितली की सबब वाटते.

गणपतीत आणि शिमग्यात मुंबईच्या ऑफिसला आपल्या घरातली गर्दी ठाऊक नसते. त्या दिवसांत वेळ विचारली तर सकाळी अकरा ते एकच्या मधली मागा, आरती-भजनाच्या आसपासची नको.

फोन लागायलाच हवा

एचआरचा पहिला फोन अनोळखी नंबरवरून येतो, बऱ्याचदा लँडलाइनवरून: मुंबईचा ०२२, पुण्याचा ०२०, बंगळूरचा ०८०. अर्ज केल्यापासून हे नंबर जाहिरात समजून कापू नका. ट्रूकॉलरमध्ये नको ते कॉल आपोआप तोडण्याची सोय चालू असेल तर बंद करा, आयफोनमध्ये अनोळखी कॉल गप्प करणारी सेटिंगही बंद ठेवा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ फक्त ओळखीच्या नंबरांना मोकळीक देत असेल तर मुलाखतीच्या दिवशी तेही काढा. भजनाची किंवा सिनेमातल्या गाण्याची कॉलर ट्यून असेल तर ती थांबवून साधी रिंग ठेवा.

हा फोन वेळ न ठरवता येतो. तुम्ही एसटीत असाल, होडीवर असाल, बागेत असाल तर तिथूनच मुलाखत देऊ नका. ‘नमस्कार, मी आत्ता प्रवासात आहे आणि आवाज नीट येणार नाही. साडेअकराला मी मोकळा आहे, तेव्हा बोललं तर चालेल का?’ असं ठरावीक वेळ देऊन विचारा. ‘नंतर करा’ म्हटलं की तो फोन बहुधा परत येत नाही. आणि मोटरसायकलवर असाल तर गाडी बाजूला लावल्याशिवाय फोन उचलूच नका.

समोर काय ठेवायचं

वायरचा इअरफोन ब्लूटूथपेक्षा भरवशाचा, कारण त्याची बॅटरी मध्येच संपत नाही. फक्त त्याचा माइक कॉलरला, ओढणीला किंवा मंगळसूत्राला घासू देऊ नका. घासण्याचा आवाज समोर बोलण्याइतकाच मोठा ऐकू येतो. स्पीकरवर ठेवून बोलू नका, खोली घुमते आणि दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज गिळला जातो. फोनच्या खालच्या कडेला माइकचं बारीक भोक असतं, त्यात धूळ बसली असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा. सुई घालू नका.

कागद तीनच. अर्जासोबत पाठवलेला बायोडेटा जसाच्या तसा. दुसऱ्यावर उत्तरांचे मुद्दे, प्रत्येक उत्तराला चार-पाच शब्द, मोठ्या अक्षरात. तिसरा कोरा, लिहून घ्यायला. पहिले दोन डोळ्यांसमोर भिंतीला चिकटवा, म्हणजे पानं उलटण्याची खसखस होत नाही. पूर्ण वाक्यं लिहून ठेवलीत तर तुम्ही वाचायला लागाल, आणि वाचणारा आवाज लगेच ओळखू येतो. पाणी ग्लासात, बाटलीचं बूच उघडायचा आवाज नको.

उत्तरं

पहिला प्रश्न ‘स्वतःबद्दल सांगा’ हाच. उत्तर दीड मिनिटाचं ठेवा आणि घड्याळ लावून मोठ्याने पाच वेळा म्हणा. क्रम असा: शिक्षण, केलेलं काम, हाताला येणाऱ्या गोष्टी, ही जागा का हवी. लोट्यातल्या रसायन कारखान्यासाठी नमुना (एओसीपी म्हणजे केमिकल प्लांट ऑपरेटरचा आयटीआय ट्रेड): ‘मी चिपळूणचा. आयटीआयमधून एओसीपी केलं. त्यानंतर एक वर्ष अप्रेंटिस होतो. रिॲक्टर चार्ज करणं, तापमान आणि प्रेशरच्या नोंदी घेणं, बॅच शीट भरणं ही कामं केली. तिन्ही पाळ्यांत काम केलंय. तुमच्या जाहिरातीत ऑपरेटरला डिस्टिलेशन यायला हवं असं आहे, ते मी सॉल्व्हंट रिकव्हरीत केलंय.’ आई-वडील, भावंडं, छंद यांतलं काही विचारल्याशिवाय सांगू नका.

बोलणं बहुधा हिंदी-इंग्रजी मिसळून होतं. पहिली तीन वाक्यं त्या भाषेत पक्की बसवा; सुरुवात न अडखळता झाली की पुढे घसा मोकळा होतो. एखादा इंग्रजी शब्द सुचला नाही तर हिंदीत सांगा, गप्प राहू नका. फोनवर तीन सेकंदांची शांतता लाइन गेल्यासारखी वाटते. विचार करायला वेळ हवा असेल तर ‘एक मिनिट सर, नीट आठवून सांगतो’ एवढं बोला.

‘अडचण आली तेव्हा काय केलंत?’ यासारख्या प्रश्नाला काय झालं, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केलं, शेवटी काय निघालं, या चार पायऱ्यांनी जा. माणसं पहिल्या पायरीवरच दोन मिनिटं घालवतात आणि ‘आम्ही केलं’ म्हणत राहतात. ‘मी’ काय केलं तेच विचारलेलं असतं. अशा दोन खऱ्या घटना तयार असल्या की पुरतात.

मधल्या रिकाम्या काळाबद्दल कोकणातली मुलं-मुली उगाच संकोचतात. फेब्रुवारी ते मे घरच्या आंब्यात होतो, हे सरळ सांगा आणि कामाच्या भाषेत सांगा: प्रतवारी, पेट्या भरणं, वाशीच्या बाजारात माल पाठवणं, मजुरांची हजेरी, पट्टीचा हिशेब. नाशवंत मालाची वेळ सांभाळणं ही डिस्पॅच आणि स्टोअरच्या नोकरीत थेट उपयोगी पडणारी गोष्ट आहे. ‘काही नाही, घरीच होतो’ म्हणून ती पुसून टाकू नका.

पगाराचा आकडा आधी कागदावर मांडा. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. समजा वर्षाला ३ लाख सीटीसी, म्हणजे महिन्याला २५,००० आणि बेसिक १२,५००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,५०० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे साधारण ६०० त्यातच धरलेले असतात. उरले २२,९००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा, म्हणजे हातात साधारण २१,२००. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत पगारावर व्यवसाय कर नाही. अपेक्षा सांगताना ‘हातात इतके’ की ‘सीटीसी इतकी’ हे शब्दांत स्पष्ट करा. खोलीभाडं आणि मेसचा खर्च धरून खालची मर्यादा आधीच ठरवा. फोनवर घाईने कमी आकडा सांगितला की पुढे तो वाढवणं अवघड जातं.

‘कधी येऊ शकता?’ याला ‘कधीही’ म्हणू नका, दिवस सांगा. पुढची फेरी समोरासमोर असेल तर प्रवासाचाही विचार करा. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या दिवसांत लगेच भरतं. तत्काळ आदल्या दिवशी, एसीसाठी सकाळी १० आणि स्लीपरसाठी ११ वाजता. त्यामुळे तीन दिवसांची सवड मागणं रास्त आहे.

लाइन तुटली तर

सुरुवातीलाच विचारा: ‘मध्ये फोन कट झाला तर मी कोणत्या नंबरवर करू?’ कंपनीच्या बोर्डाच्या (सगळ्या ऑफिसच्या सामाईक) नंबरवर उलटा फोन केला तर तो माणूस सापडत नाही, म्हणून हे विचारायचं. कट झाल्यावर एक मिनिट थांबा. दोघांनीही एकदम डायल केलं की दोघांनाही एंगेज लागतं. मिनिटभरात आला नाही तर तुम्ही करा. आवाज तुटला तर ‘हॅलो, हॅलो’ करत बसू नका. ऐकलेलं परत बोलून दाखवा: ‘सर, शेवटचा शब्द आला नाही. तुम्ही नोटीस पिरियड विचारलात ना?’ समोरच्याचं वाक्य संपलं की एक श्वास थांबून बोला. मोबाइलवर आवाज पोचायला किंचित उशीर होतो, त्यामुळे लगेच बोललात तर तोंडातलं वाक्य तोडल्यासारखं होतं.

पैसे मागितले तर

मुलाखतीनंतर नोंदणी, लॅपटॉप, गणवेश किंवा मेडिकलसाठी पैसे पाठवा असं कुणी म्हटलं तर थांबा. ओटीपी सांगू नका आणि सांगितलेला *४०१ किंवा *२१ ने सुरू होणारा कोड डायल करू नका, त्याने तुमचे कॉल दुसऱ्याकडे वळू शकतात. जहाजावरच्या भरतीसाठी परवानाधारक कंपनीला खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. आखातात जायचं असेल तर एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावतीने. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

फोन ठेवण्याआधी पुढची फेरी कधी आणि निकाल कुणाकडून कळणार हे विचारून नाव, हुद्दा आणि तारीख कोऱ्या कागदावर लिहा. त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल: बोलण्याबद्दल आभार, जागेचं नाव, मागितलेली कागदपत्रं जोडून, रुजू होण्याची तारीख. फाइलचं नाव तुमच्या नावाने द्या, मोबाइलने दिलेला आकडा तसाच ठेवू नका. सांगितलेली तारीख उलटून दोन कामाचे दिवस गेले की सकाळी अकराच्या सुमाराला एकदा फोन करा, आणि तोही रेंज मोजलेल्या त्याच जागेवरून.