के पट्ट्यातील जास्तीची पार्श्वभूमी : माझा अनुभव

दुर्बिणीला जोडलेल्या आमच्या अवरक्त कॅमेऱ्यात 1.25 मायक्रॉन तरंगलांबीच्या जे पट्ट्यात पार्श्वभूमी (निरीक्षणाच्या वस्तूखेरीज येणारा नको असलेला प्रकाश) अपेक्षेप्रमाणे होती, मात्र 2.2 मायक्रॉनच्या के पट्ट्यात ती जवळजवळ दुप्पट येत होती. खोलीच्या तापमानाची वस्तू सुमारे 10 मायक्रॉनला सर्वाधिक प्रारण सोडत असली, तरी के पट्ट्यातही तिची झळ जाणवते, म्हणून संशय उष्णतेवर गेला. फिल्टरच्या चाकातील बंद खाच समोर आणताच वाचन शून्याजवळ उतरले, म्हणजे डिटेक्टरभोवती गळती नव्हती. (ही साधी चाचणी आधी न करता मी दोन आठवडे शीतकवचाचे (डिटेक्टरभोवतीच्या थंड आवरणाचे) सांधे टेपने बुजवत बसलो होतो.)

मग दुर्बिणीच्या आरशाची प्रतिमा डिटेक्टरवर पाडणारे भिंग मार्गात आणले, तेव्हा थंड स्टॉप (फक्त आरशाकडचा प्रकाश आत सोडणारी भोकाची थंड चकती) एका बाजूला सरकलेला आणि त्या फटीतून आरशाबाहेरची गरम चौकट चंद्रकोरीसारखी उजळलेली दिसली. ॲल्युमिनियम 77 केल्विनपर्यंत थंड होताना सुमारे 0.4 टक्के आकसते. स्टॉपला धरणारी आमची ॲल्युमिनियमची बैठक स्टॉपपासून 250 मिलिमीटरवर एकाच टोकाला आवळलेली असल्याने स्टॉप 1 मिलिमीटर सरकत होता. गरम असतानाच तो तेवढाच उलट दिशेला सरकवून बसवला, आणि पुन्हा थंड केल्यावर कोर दिसेनाशी झाली.