तिखट झोंबायला लागलं? आधी तोंड उघडून बघा

कोल्हापुरात गंगावेशीजवळ आमचं औषधाचं दुकान आहे. "ताई, तोंड आलंय, ट्यूब द्या" म्हणत एखादा महिन्यात दुसऱ्यांदा आला की ट्यूब काढायच्या आधी मी विचारते, "तांबडा रस्सा जातो का?" पांढरा चालतो, तांबडा झोंबतो, मिसळीचा कट तर विचारूच नका, असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न माव्याचा, म्हणजे सुपारी, चुना आणि बहुतेकदा तंबाखू चोळलेल्या पुडीचा. "तसं काय न्हाई वो, उष्णता झाल्या." कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला तिखट सोसेना झालं तर प्रत्येक वेळी उष्णतेवर ढकलू नका. सुपारीनं तोंडाच्या आतलं अस्तर कडक व्हायला लागलं की पहिली खूण बऱ्याचदा हीच असते.

मावा, तंबाखू-चुना, नुसती सुपारी, बिडी, यातलं काहीही चालू असेल तर महिन्यातून एकदा आपलं तोंड आपणच तपासा. सकाळी चूळ भरून, कवळी असेल तर काढून, उजेडात आरशासमोर उभं राहा. मोबाईलची बॅटरी लावा.

आधी तीन बोटं. तर्जनी, मधलं आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. स्वतःचीच बोटं, दुसऱ्याची नकोत. तीन सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर ट्यूब आणि बी-कॉम्प्लेक्स विसरा, दातांच्या डॉक्टरकडे जा.

मग गाल. एक बोट आत, अंगठा बाहेर, आणि चिमटीत धरून मागून पुढे चाचपत या. निरोगी गाल मऊ लागतो. आत ताणलेल्या दोरीसारखं काही उभं लागलं तर सुपारीनं काम सुरू केलंय. सुपारीतल्या अर्कानं अस्तराखाली तंतू वाढत जातात, आणि सुपारीत असलेलं तांबं ते तंतू आणखी घट्ट करतं. एकदा आवळलेलं तोंड पूर्ववत होणं अवघड. व्यायामानं, औषधानं थोडं सुटतं, पण सुपारी चालू ठेवून काहीच सुटत नाही.

गोळी किंवा चिमूट ज्या बाजूला धरता ती जागा नीट बघा. ओठ खाली ओढा, हिरडीलगतची खाच बघा. तिथली कातडी पांढरट, सुरकुतलेली दिसेल. पुसून न जाणारा पांढरा चट्टा वाईट, मखमलीसारखा लाल चट्टा त्याहून वाईट. जीभ स्वच्छ फडक्यानं धरून डावी-उजवीकडे ओढा, कडा बघा, मग टाळूला लावून खालची बाजू बघा. शेवटी जबड्याखाली आणि मानेला गाठ चाचपा. जे दिसेल त्याचा फोटो काढून ठेवा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दाखवायचीच, दुखत नसली तरी. दुखत नाही म्हणूनच माणसं थांबतात.

"मी तंबाखू टाकत नाही, साधा मावा खातो" हे मी रोज ऐकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण प्लास्टिकच्या कागदात चोळलेली पुडी काही थांबली नाही. त्यातल्या चुन्याचं काम चवीपुरतं नसतं. चुन्यामुळे निकोटिन मोकळं होऊन गालातून भराभर रक्तात उतरतं, म्हणून किक लवकर बसते. वर संध्याकाळी दारू असेल तर धोका नुसता वाढत नाही, गुणला जातो.

तंबाखू सोडताना त्रास होणार. निकोटिन दोनेक तासांत रक्तात निम्म्यावर येतं, म्हणून तेवढ्यानं हात खिशाकडे जातो. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट: चिडचिड, झोप नाही, लक्ष नाही. तीन-चार आठवड्यांत बरंच निवळतं. बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांनी चहा निम्मा करावा. धुरामुळे कॅफिन लवकर निचरत असतं, धूर थांबला की तेवढाच चहा जास्त चढतो आणि धडधड होते.

तलफ भागवायला निकोटिनची चावायची गोळी (निकोटिन गम) आमच्याकडे मिळते, पण ती साध्या च्युइंगमसारखी कचाकचा चावायची नाही. तीच तर नेमकी गडबड होते. चुणचुण लागेपर्यंत हळू चावा, मग गाल-हिरडीच्या मध्ये ठेवा, चुणचुण गेली की पुन्हा चावा. अर्धा तास असं. आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत नको, त्यानं औषध शोषलं जात नाही. रस गिळला तर उचकी आणि जळजळ. तोंडच उघडत नसेल, हृदयविकार असेल किंवा पोटात बाळ असेल तर आधी डॉक्टर. बोलायला कुणी हवं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट लागतो.

एक मात्र वेगळं. रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं "उद्यापासून बंद" असं परस्पर करू नये. एक-दोन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, माणूस भ्रमिष्ट होतो, जिवावरही बेततं. दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची.

दवाखान्यात, सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा तुमच्या दंतवैद्याकडे गेलात की किती वर्षं, दिवसाला किती पुड्या, कुठल्या गालात, हे खरं सांगा. बायको शेजारी असली तरी. डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवूया म्हणाले तर "सुरी लागली की पसरतं" हे कट्ट्यावरचं ज्ञान बाहेर ठेवून जा. जागा बधिर करून लहानसा तुकडा घेतात, दोन दिवस मऊ भात-वरण खावं लागतं, आणि चट्टा नेमका कसला ते त्या रिपोर्टवरूनच कळतं.