एकटीने फिरायला जाताय? आधी वेळापत्रक बघा
ठिकाण निवडताना फोटोंच्या आधी वेळापत्रक उघडा. गाडी किंवा विमान तिथे दिवसाउजेडी पोहोचतं का? अंधार पडल्यावर मुक्कामी परतायला बस, मेट्रो मिळते का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर जागा कितीही देखणी असो, पहिल्या एकट्या सहलीसाठी ती नकोच. हॉटेलच्या रिव्ह्यूंमध्ये एकट्या राहिलेल्या बायकांचे अनुभव शोधून वाचा. रिसेप्शनवर रात्री कोणी असतं का, गल्लीत दिवे आहेत का, हे बहुतेक त्याच लिहितात. टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर स्वतंत्र खोलीसाठी जादा पैसे किती, हे आधीच विचारा. जाहिरातीतला दर बहुधा दोघांनी खोली वाटून घेण्याचा असतो. आणि स्वतःहून जात असाल तर सुरुवातीला दोनच रात्रींचं बुकिंग करा, म्हणजे जागा पटली नाही तर बदलता येते.