एका आर्कपुरता खलनायक: ठेवायचा की छाटायचा, आणि ठेवला तर लिहायचा कसा

शेकडो चॅप्टर चालणाऱ्या साहसी मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, दर मुक्कामाला (यालाच आर्क म्हणतात) नवा खलनायक लागतो. येतो, मार खातो, जातो. वाचक त्याला 'भरताड' म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. तपासायची रीत सोपी आहे: त्याला कथेतून उचलून बाजूला ठेवा आणि पुढच्या चॅप्टरात कोणाचं काय अडतं ते पाहा. कोणाचंच काही अडत नसेल तर छाटा, त्याची शक्ती कितीही भन्नाट असली तरी.

'वन पीस'वर हे करून पाहण्यासारखं आहे, कारण १९९७ साली सुरू झालेल्या या मांगाच्या पहिल्या शंभर चॅप्टरांत एइचिरो ओदा यांनी असे खलनायक ओळीनं उभे केलेत. दुसऱ्या चॅप्टरातली समुद्री चाचांची कप्तान अल्विडा बघा. तिथल्या तिथे येते आणि नायक लूफीच्या एका ठोशात आटोपते. पण ती नसेल तर कोबी तिच्या जहाजावरचा घाबरट पोऱ्याच राहतो. नौदलात जाणार आणि तुझ्यासारख्यांना पकडणार, हे तो तिच्या तोंडावर बोलतो आणि त्याची पुढची सगळी वाट तिथून फुटते.

म्हणून पहिलं काम कागदावर: या खलनायकामुळे काय बदलतं ते एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्याचा कर्ता खलनायक असता कामा नये. 'कोबी तोंड उघडतो.' 'तलवारबाज झोरो लूफीबरोबर निघतो.' असं वाक्य झालं तर ठीक. 'क्रूर कॅप्टन गावावर जुलूम करतो' असं झालं, तर तुमच्याकडे फक्त प्रसंग आहे, बदल नाही. दोन खलनायकांची वाक्यं सारखी निघाली तर एकाला रजा द्या. लांबलेल्या मालिकांत सर्वात जास्त आढळणारा दोष हाच: शक्ती वेगळी, वेश वेगळा, काम तेच.

मग पानांचा हिशेब. साप्ताहिक मांगाचा चॅप्टर साधारण १९ पानांचा, आणि दहाएक चॅप्टरांचा एक खंड. नुसता धक्का द्यायचा असेल तर १ ते ३ चॅप्टर पुरतात. नवा साथीदार जोडायचा असेल तर ५ ते ७. नौदलाचा जुलमी कॅप्टन मॉर्गन याचं गाव तिसऱ्या चॅप्टरात लागतं आणि सातव्यात सुटतं, तेवढ्यात झोरो मिळतो. साथीदाराचं गाव, माणसं, खोटेपणा-खरेपणा सगळं उलगडायचं असेल तर वीसपर्यंत जा, त्यापुढे नको. नोकर बनून लपलेल्या चाच्याचं, कुरोचं, प्रकरण २२ ते ४१, म्हणजे पुरते दोन खंड. त्यातली उतारावरची मारामारी दोन-तीन चॅप्टरांनी कमी असती तर बरं झालं असतं, कारण नवा साथीदार उसोप गावासाठी उभा राहतो हे एव्हाना ठरलेलं असतं आणि मधल्या ठोशांनी त्यात भर पडत नाही. स्वतःच्या कथेत हे पकडायला प्रत्येक चॅप्टराखाली 'आज कोण बदललं?' याचं उत्तर लिहा. सलग दोन चॅप्टर कोरे राहिले की तिसरा कापा.

दिसणं आणि सवय एकमेकांतून निघू द्या. कुरो चष्मा बोटांनी नाही, तळहातानं वर सारतो. का? त्याचं हत्यार म्हणजे बोटांना लावलेली लांब पाती. बोटं डोळ्यांजवळ नेली तर चेहराच चिरेल. तीन वर्षं नोकर बनून राहिलेल्या माणसाची जुनी ओळख या एका हालचालीत आहे. त्याला वेगळी बालपणाची कहाणी लागत नाही. किरकोळ खलनायकाला पूर्वायुष्य द्यायचंच असेल तर २-३ पानं, तीही लढाईच्या आधी. ऐन मारामारीत आठवणी सुरू झाल्या की वेग बसतो आणि सहानुभूती चुकीच्या माणसाकडे जाते. चेहरा ओळखू येतो का हे बघायला त्याची नुसती काळी आकृती अंगठ्याच्या नखाएवढी काढा. मॉर्गनचा कुऱ्हाडीचा हात तेवढ्यातही कळतो.

हरवण्याची लांबी मात्र ताकदीवर ठरवू नका. 'वन पीस'मधलाच चाचा बेलामी लूफीच्या एका ठोशात पडतो आणि तरीही तो क्षण लक्षात राहतो. आधी दारूच्या गुत्त्यात लूफी आणि झोरो त्याचा मार मुकाट खातात, हात उचलत नाहीत. त्या नकाराला पानं दिली म्हणून ठोशाला एक चौकट पुरली. उलट केलंत, म्हणजे नकार एका चौकटीत आणि ठोसे वीस पानं, तर उरते फक्त धुलाई.

ताकदीची शिडी आकड्यांत धरून ठेवा. 'वन पीस'मध्ये चाच्यांच्या डोक्यावरच्या इनामांचे आकडे ते काम करतात: अल्विडा ५० लाख बेरी (कथेतलं चलन), बगी दीड कोटी, क्रीग १ कोटी ७० लाख, अर्लाँग २ कोटी. पायऱ्या मुद्दाम जवळजवळ आहेत. दर आर्कला ताकद दुप्पट केलीत तर दहा आर्क पुढे गेल्यावर हजारपट होते, आणि मागच्या कोणालाही परत आणता येत नाही.

परत आणायचं असेल तर जिवंत सोडा. ओदा यांनी बगी, जँगो, वापोल या हरलेल्या खलनायकांची पुढची हकिगत चॅप्टरांच्या मुखपृष्ठचित्रांतून आठवड्याला एक चित्र अशी चालवली. मुख्य कथेचं एकही पान गेलं नाही. परतताना काम नवं हवं. 'ड्रॅगन बॉल'मधला मारेकरी ताओ पाई पाई पहिल्यांदा नायक गोकूला हरवतो, म्हणून गोकू करिनचा मनोरा चढतो आणि कथेचं जगच उंच होतं. मग गोकू त्याला हरवतो. पुढे तो यांत्रिक अवयव लावून परततो, पण लढत गोकूशी होत नाही. या वेळी गोकूचा जुना प्रतिस्पर्धी तेनशिनहान ताओच्या भावाच्या जुन्या गुरुकुलापासून किती दूर आलाय हे त्याच्याशी लढताना दिसतं. पहिलंच काम पुन्हा करायला आणला असता तर तो नुसता हरलेला माणूस ठरला असता.

विनोदी खलनायकाला वेगळा नियम लावा. 'वन पीस'मधल्या फॉक्सीच्या खेळांत साथीदार पणाला लागतात, पण परत मिळतील याची वाचकाला पहिल्यापासून खात्री असते, म्हणून ताण तुटतो. ॲनिमेत, म्हणजे मांगावरून केलेल्या ॲनिमेशन मालिकेत, आणखी खेळ घातल्यावर तो आणखी सैल झाला. अशा आर्कमध्ये किमान एक गोष्ट कायमची गमवा, किंवा सगळं ३-४ चॅप्टरांत उरका.