जुनं दुखणं असेल तर कोल्हापुरात थेरपिस्ट कसा शोधायचा

संधिवात, ल्युपस, फायब्रोमायल्जिया, असलं आयुष्यभराचं दुखणं असलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "अगं सगळं मनावर असतंय", आणि पैसे भरून मनाचे उपचार करणाऱ्या थेरपिस्टकडूनपण तेच ऐकायला मिळालं तर माणूस परत कुणाच्या दारात जात नाही. म्हणून डिग्री, फी नंतर, आधी समोरचा तुमचं दुखणं खरं मानतो का ते बघा.

ते फोनवरच कळतं. सरळ विचारा, "मला संधिवात आहे, दुखणं वाढलं की बेडवरून उठता येत नाही, असे पेशंट तुम्ही घेता का, आणि ऐनवेळी सेशन फोनवर करता येईल का?" गोळ्या कुठल्या चालू आहेत, थकवा कधी जास्त असतो, असं त्यांनी उलट विचारलं तर चांगलंच. "टेन्शन घेऊ नका, योगा करा, आपोआप बरं होतंय" असं सुरू झालं तर थँक्यू म्हणा आणि पुढचा नंबर लावा.

गोळ्या लिहून देतात ते सायकियाट्रिस्ट, बोलून थेरपी करतात ते सायकॉलॉजिस्ट. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, जिथं त्यांची नोंदणी असते) नोंदणी नंबर बिनधास्त मागा. खाजगी फी झेपत नसेल तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, फक्त गर्दी असते, त्यामुळं घरचं कुणीतरी सोबत न्या, केसपेपरच्या रांगेत ते उभे राहतील, तुम्ही बाकावर बसा. आणि घराबाहेर पडणंच होत नसेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, नंबर 14416, 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

सगळ्या गोळ्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दाखवाच, कारण स्टेरॉईडनं मूड आणि झोप दोन्ही बिघडू शकतात, आणि दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर डिप्रेशनच्या काही गोळ्या त्याच्यासोबत चालत नाहीत, हे सायकियाट्रिस्टला माहीत असायलाच पाहिजे.

पाव्हण्यारावळ्यांत कळेल ही भीती लई जणांना असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, आणि विम्यातपण मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं असं त्यात आहे, पण तुमच्या पॉलिसीत ओपीडी येते का ते आधी विचारून घ्या.

तीन-चार सेशननंतरपण दर वेळी आपलं दुखणं पटवूनच द्यावं लागत असेल तर थेरपिस्ट बदला. पुढची वेळ नको एवढा मेसेज बास, कारण सांगत बसू नका.