ईबी असताना व्यायाम कसा करावा

एपिडर्मोलिसिस बुलोसा, म्हणजेच ईबी, हा जनुकीय आजार आहे. कातडीला घट्ट धरून ठेवणारी प्रथिनं सदोष असल्यामुळे नुसतं घासलं तरी फोड येतात. मग घरचे काळजीपोटी मुलाला बसवून ठेवतात. पण बसून राहिल्याने सांधे आखडतात, हाडं विरळ होतात. टाळायचं आहे ते घर्षण, हालचाल नव्हे.

आधी आपला प्रकार कोणता, ते त्वचारोगतज्ज्ञांकडून समजून घ्या. सिम्प्लेक्स प्रकारात (यात फोड कातडीच्या वरच्या थरात येतात) ऊन आणि घामाने तळव्यांवर फोड वाढतात, म्हणून उन्हाळ्यात चालणं सकाळी लवकर उरकावं. गंभीर डिस्ट्रॉफिक प्रकारात (यात फोड खोल थरात येऊन वण राहतात) अन्ननलिकेतही व्रण पडतात, खाणं कमी जातं, रक्त कमी होतं. अशा वेळी लागणारी धाप आळसाची नसते; व्यायाम वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

मग कपडे. बनियन आणि मोजे उलटे घाला, म्हणजे शिवण बाहेर राहते. नवा बूट घेताना आत हात घालून सगळीकडून चाचपून पाहा, जाड शिवण लागली तर तो घेऊ नका. गुडघे-कोपरांवर न चिकटणारं सिलिकॉनचं ड्रेसिंग ठेवून वरून मऊ बँडेज गुंडाळा. साधी चिकटपट्टी कातडीला कधीही लावू नका, काढताना कातडीच सोलून निघते.

पोहणं मला सगळ्यात उजवं वाटतं, कारण पाणी वजन पेलतं. उघड्या जखमा असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच पाण्यात उतरा, आणि खरखरीत काठाला अंग घासू देऊ नका. जाड गादीच्या सीटची सायकलही चालते. हाताची बोटं रोज हळूहळू पूर्ण उघडा. डिस्ट्रॉफिक प्रकारात ती जुळत जातात, त्यामुळे हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा.

लहान मुलाला उचलताना काखेत हात घालू नका. एक हात कुल्ल्यांखाली, दुसरा मानेमागे ठेवून अलगद उचला.

खेळून आल्यावर सगळं अंग पाहा. फोड तसाच ठेवला तर पसरतो. निर्जंतुक सुई कातडीला समांतर धरून फोडाच्या खालच्या बाजूला टोचा, स्वच्छ गॉझने हलकेच दाबून पाणी काढा. वरची साल काढू नका, तीच आतल्या कच्च्या कातडीला झाकते. आजूबाजूला लाली पसरली, पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.